थेटरात बघितलेले पिक्चर, आणि कोकणातला पिक्चर असला की आपण मार्क जास्त देतो का?

कातळावरची (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज लिहायला बसले कारण घरात आता कोणी ऐकून घ्यायला उरलं नाहीये. नवरा म्हणतो तू एक पिक्चर बघून आलीस की पुढचे दोन दिवस आम्हाला तो फुकटात ऐकायला मिळतो, मग आम्ही तिकीट काढायचं कशाला.

तर मला पिक्चर थेटरातच लागतो. मोबाईलवर बघितलेला मी बघितलेल्यात धरतच नाही. आणि आमच्याकडे थेटर म्हणजे काही नाक्यावर नाही हो, घरापासून गाडीने पाऊण तास, आणि मोठा पडदा नि धडधडणारा आवाज हवा असेल तर थेट पणजी. दोन तास जायला, दोन यायला, मध्ये अडीच-तीन तासांचा पिक्चर, म्हणजे सकाळी भात लावून निघायचं ते रात्री माशांचा वास विरल्यावर घरात पाऊल. एवढं करून पिक्चर टुकार निघाला तर जो संताप येतो तो शहरातल्या माणसाला कळायचा नाही. आणि चांगला निघाला तर येताना घाटीच्या वळणावळणांवर गाडीत जी चर्चा होते त्याला तोड नाही.

आता मूळ गोष्ट. २०२५च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ लागला, सुबोध खानोलकरांचा. गणपती आटोपले, चाकरमानी परत मुंबईला गेले, घरं रिकामी झाली आणि १२ तारखेला पिक्चर आला. सासूबाई म्हणाल्या मी पण येतंय. त्या बहात्तर वर्षांच्या, थेटरात शेवटच्या कधी गेल्या त्यांनाच आठवत नाही, पण दशावतार म्हटलं की जत्रेत रात्रभर गोणपाटावर बसून बघणारी बाई. गेलो. सीटवर बसल्या, कुरकुरे नको म्हणाल्या, आणि पडद्यावर दशावताराचा रंगमंच दिसला, पेटी नि मृदंग सुरू झाला त्याबरोबर बाईंनी काय करावं, अंधारात हळूच चपला काढल्या आणि हात जोडले. मी बघितलं आणि काही बोललेच नाही. माझ्याच घशात काहीतरी अडकलं.

ते थेटर जुन्या पद्धतीचं, पायऱ्या नाहीत, जमीन पुढे उतरती. इंटरव्हलला लाईट लागले तर चपला गायब! एक तीन रांगा पुढे एका पोराच्या पायाशी सापडली, पोरगं तिच्यावर पाय ठेवून आरामात पॉपकॉर्न खात होतं. दुसरीचा पत्ता नाही. टॉर्च मारून मी सगळ्या खुर्च्यांखाली वाकून बघितलं, लोक बिचारे पाय वर घेऊन बसले. शेवटी उरलेला पिक्चर त्यांनी एक पाय मांडीखाली घेऊन बघितला.

आता पिक्चरबद्दल. दिलीप प्रभावळकर. बस, वाक्य संपलं. ८१ वर्षांचा माणूस, डोळे अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री करतो आणि तोंडाला रंग लावला की कंबर सरळ होते त्याची, ते जे सरळ होणं आहे ना ते मी आमच्या गावच्या नटांत बघितलंय, दिवसा वाडीत फणस काढणारा माणूस रात्री दहा वाजता दशावतारातला राक्षस, शंकासुर होतो तेव्हा असाच सरळ होतो. सासूबाई अर्धा पिक्चर ‘हो तो चिमणराव नाय काय’ (प्रभावळकरांची टीव्हीवरची जुनी भूमिका) हेच विचारत होत्या, नंतर विचारायच्या थांबल्या, त्यावरून काय ते समजा.

पण. घरी येऊन रात्री पडले तेव्हा डोक्यात किडा वळवळला की दुसऱ्या भागात पिक्चर सरळ मारधाडीकडे वळतो, दोन-तीन गोष्टी पटत नाहीत, तरी मी थेटरात एकदाही कुरकुरले नाही. हेच दुसऱ्या कुठल्या गावातलं असतं तर मी इथे येऊन साल काढली असती. मग मला पिक्चर आवडला की पडद्यावर आपली लाल माती, आपली कौलं दिसली म्हणून मी विरघळले?

मी मग मनातल्या मनात एक परीक्षा लावली. ‘कांतारा’. २०२२चा, ऋषभ शेट्टीचा, मी हिंदीत डब केलेला बघितला. भाषा आपली नाही, भूतकोला, म्हणजे तिकडचा दैवताचा नाच, तो आपला नाही, ती किनारपट्टी कर्नाटकातली. तरी शेवटच्या वीस मिनिटांत मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते, आणि बाजूचा माणूस, अगदी अनोळखी, मला म्हणाला ‘आमचो राखणदार असोच आसा’, राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. म्हणजे तिथे आपलेपणाचा वशिला नव्हता आणि तरी अंगावर आला. मग ‘दशावतार’ घाटावरच्या माणसाला तेवढाच भिडला असेल का?

आणि आदित्य सरपोतदारचे दोन घ्या. २०१३चा ‘नारबाची वाडी’, त्यातही प्रभावळकरच, नारळाच्या वाडीला चिकटून बसलेला नारोबा आणि ती वाडी गिळायला टपलेला खोत. आणि २०२४चा ‘मुंज्या’. दुसऱ्याने शंभर कोटी केले, पोरांनी थेटरात किंचाळून घेतलं, मी पण किंचाळले, सुहास जोशी आजी म्हणून काय गोड आहेत. पण कोकण म्हणून विचाराल तर मला नारबाच्या त्या एका झावळीत जास्त दिसलं. मुंज्यातलं कोकण हे रिसॉर्टच्या जाहिरातीतलं वाटतं, सुंदर, ओलं, हिरवंगार.

ह्यावरून माझी कायमची तक्रार. पिक्चरवाल्यांना कोकण फक्त पावसात दिसतं का हो? आमच्या सड्यावर एप्रिल-मे मध्ये या. कातळ काळा ठिक्कर, गवत जळून पिवळं, अनवाणी पाय टाकला तर फोड येतो, विहिरीचा तळ दिसतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतात इथल्या वाड्या. ते कोकण कोणी पडद्यावर आणलं तर मी पहिल्या दिवशी पहिला शो.

तर सांगा. तुम्ही थेटरात बघितलेला, थेटरातच बघायला हवा होता असा पिक्चर कुठला, आणि आपल्याकडचा असला की तुम्ही मार्क वाढवता का?

जगबुडीकाठ (खेड)

ताई, आमचं उलट आहे. आपल्याकडचा असला की आम्ही मार्क कापतो.

‘तुंबाड’ घ्या. तुंबाड आमच्या तालुक्यातलं गाव, जगबुडीच्या काठावरचं. श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीमुळे नाव सगळीकडे पोचलं होतं आधीच. पिक्चर पहिल्यांदा आला १२ ऑक्टोबर २०१८ला, मी दुसऱ्या दिवशी चिपळूणकडे जाऊन बघितला, थेटरात मोजून नऊ टाळकी, त्यातली दोन इंटरव्हलला उठून गेली. मी घरी येऊन सगळ्यांना सांगतोय की अरे जा रे बघा, कोणी ढुंकून बघेना. मग २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा तिकीट मिळेना! आणि पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेत जास्त धंदा केला त्याने. त्याच लोकांनी मला फोन करून सांगितलं, अरे तू तुंबाड बघितलास का, बघच. म्हटलं हो का.

दोन्ही वेळा थेटरात बघितला म्हणून सांगतो, त्यातला पाऊस हा खरा हिरो आहे. रोमँटिक नाही, गाणं नाही, नुसता राखाडी, दिवसच्या दिवस न उघडणारा, कपडे न वाळणारा, भिंतीला बुरशी आणणारा पाऊस. राही अनिल बर्वेने कित्येक पावसाळे थांबून खऱ्या पावसात शूटिंग केलं म्हणतात, आणि ते दिसतं. असला आषाढ ज्याने बघितलाय त्याला पडद्यावरून वास येतो. लॅपटॉपवर हा पिक्चर म्हणजे नुसता काळोख.

आता मार्क कापायची गोष्ट. तो वाडा. आमच्याकडे असला वाडा नसतो हो! तो सासवडचा, देशावरचा, काळ्या दगडाचा, वर उंच भिंती, बुरुजासारखा. कोकणातलं घर म्हणजे जांभ्या चिऱ्याचं, उतरतं छप्पर, पुढे ओटी, पडवी, मागे माजघर, त्यात धान्याची कणगी. पाऊस एवढा असताना माणूस पहिलं छप्पर बांधतो, मग भिंत. आमचे बाबा, वय ७०, पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले हे खेड नाही, आणि मग शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘घर चुकलं, पण लोभ बरोबर दाखवलाय.’ भाऊबंदकीत चार कोर्टकेसेस लढलेला माणूस आहे, त्यांना माहिती.

सासूबाईंची चप्पल मिळाली का?

खुळोझील (कुडाळ)

गो बाय, चपलेचा काय झाला ता सांग आधी, पिक्चराचा मगे बघूया.

तुझ्या सासूक माझो नमस्कार सांग. आमी ल्हान असताना आयेच्या मांडयेर बसान धयकालो, म्हंजे दशावतारच, बघलेलो, शंकासुर इलो की मी पदरात तोंड लपवय आणि फाटफटीक राक्षस मराच्या टायमाक गाढ झोपलेलो. तेच्यामुळे माका आजून कळला नाय राक्षस मरता कसो. म्हणान मी पिक्चर दोनदा बघलंय.

आता जरा सिरियस, आणि सगळ्यांना कळेल असं लिहितो. ह्या पिक्चरात मालवणी माणूस मालवणीत रडतो. ही छोटी गोष्ट नाही. ‘वस्त्रहरण’ नाटकाने, ते लिहिणाऱ्या गवाणकरांनी आणि त्यातल्या मच्छिंद्र कांबळींनी आमची भाषा साता समुद्रापार नेली, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, पण त्यानंतर झालं असं की मालवणी बोललं की समोरचा हसायलाच तयार होऊन बसतो. मुंबईत ऑफिसात मी आईशी फोनवर बोललो की बाजूचे हसतात, आणि आई तेव्हा बाबांची शुगर वाढली म्हणून सांगत असते. पिक्चर-सिरियलवाल्यांनी तेच केलं, नोकर, दारुडा, भांडकुदळ शेजारी, सगळे मालवणी. इथे थेटरात पहिल्यांदा मालवणी वाक्यावर शांतता झाली. वाढीव मार्क दिले असतील तर ते ह्यासाठी, आणि परत देईन.

रिळांचा_पुतण्या (रत्नागिरी)

कातळावरची, थेटरातच बघणार हे वाचून जीव सुखावला म्हणून हात धुवून घेतो, लांबलं तर माफ करा.

माझे काका ऑपरेटर होते, सिंगल स्क्रीनला, आता ते थेटर नाही, तिथे कपड्यांचं दुकान आहे. शाळा सुटली की मी केबिनमध्ये. आत दोन मशिनं शेजारी शेजारी, त्यात कार्बनच्या कांड्या पेटवून उजेड करायचे, पुढे त्याजागी झेनॉनचा दिवा आला. काकांच्या शर्टाला कायम जळका वास. पिक्चर ‘सोळा रिळी’ म्हणायचे ते कसं, तर हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं, सोळा रिळं म्हणजे झाले तीन तास. दोन-दोन जोडून एका मशिनवर, ते संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वरती एक गोल ठिपका क्षणभर चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू, दुसरा ठिपका दिसला की पहिल्याचं झाकण बंद, दुसऱ्याचं उघडं. अख्खं थेटर हिरोईनकडे बघतंय आणि काका त्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे. त्यांनी हजारो शो दाखवले आणि एकही पिक्चर धड बघितला नाही असं काकू म्हणायची. घरी टीव्हीवर पिक्चर लागला तरी त्यांची नजर उजव्या कोपऱ्यात जायची, मी स्वतः बघितलंय.

रिळांच्या पेट्या मुंबईहून एसटीने यायच्या, पावसात दरड कोसळली की गाडी अडकायची, मग जुनाच पिक्चर आणखी एक दिवस, बाहेर लोकांची आरडाओरड. आता पिक्चर हार्ड डिस्कवर नाहीतर सॅटेलाईटने येतो, ओरखडे नाहीत, रीळ तुटत नाही, आणि मुख्य म्हणजे मुंबईत लागला त्याच दिवशी आपल्याकडेही लागतो. पूर्वी आमच्याकडे येईपर्यंत प्रिंटचा चोथा झालेला असायचा, हिरोच्या तोंडावर सतत पाऊस. तेव्हा जुने दिवस बरे होते वगैरे मी म्हणणार नाही.

पण एक तक्रार आहे. काही थेटरवाले दिव्याचं आयुष्य वाढावं म्हणून उजेड कमी ठेवतात. दिवसाचे सीन असले तर कळत नाही, रात्रीचा सीन आला की पडद्यावर नुसती डांबराची चादर. ‘तुंबाड’ किंवा ‘दशावतार’सारखा पिक्चर, ज्यात निम्मं काम मशालीच्या उजेडात आहे, तो असल्या थेटरात बघून लोक म्हणतात काही दिसलंच नाही. दिग्दर्शकाला शिव्या घालण्याआधी दुसऱ्या थेटरात बघा. आणि बसायचं कुठे, तर पडद्यापासून मागे जाताना साधारण दोन तृतीयांशावर, बरोबर मधल्या खुर्चीत. आवाज तिथे सगळ्या बाजूंनी सारखा येतो. सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसणाऱ्यांना मागच्या स्पीकरचाच पिक्चर ऐकू येतो, पुढचा नाही.

माझा थेटरातला पिक्चर, कोकणाशी काही संबंध नसलेला: ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६, भर उन्हाळा. झिंगाटला पोरं खुर्च्यांवर चढून नाचली हे सगळ्यांना माहिती आहे, ते सोडा. अजय-अतुलने त्यात परदेशात जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतलाय, ते पण सोडा. मला आठवतो तो शेवट. एवढा सगळा गाजावाजा केलेला पिक्चर शेवटी आवाजच काढून घेतो. म्युझिक नाही, रडणं नाही, काही नाही. आधी तासभर शिट्ट्या मारणारी तीच पोरं, आणि थेटरात फक्त पंख्यांचा आवाज. मला काकांच्या केबिनमधलं मशीन आठवलं, तेवढी शांतता झाली की त्याची घरघर ऐकू यायची. घरी टीव्हीवर बघताना त्या क्षणी बायको म्हणाली, ‘अहो आवाज गेला काय, रिमोट बघा.’

शास्त्रीपूल (संगमेश्वर)

रिळांचा पुतण्या, काय लिहिलंयत दादा. रिमोट बघा वाचून चहा सांडला.

मी थोडक्यात. ‘छावा’. फेब्रुवारी २०२५. मला तो पिक्चर आवाजाला जरा जास्त वाटला, कान बधिर, काही ठिकाणी ओरडण्यापेक्षा नुसतं बघितलं असतं तर चाललं असतं असं माझं मत आहे आणि त्यावरून मी घरात शिव्या खाल्ल्यात. पण आम्ही बघायला गेलो तेव्हा निम्मं थेटर संगमेश्वर-देवरुखकडचं, आणि पडद्यावर संगमेश्वराचं नाव आलं मात्र, अख्ख्या थेटरात कोणी हललं नाही. १६८९च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना पकडलं ते आमच्या कसब्यात, हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. पुढे काय होणार ते माहिती, कुठे होणार ते माहिती, आम्ही तर त्याच रस्त्याने बाजाराला जातो. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले, पिक्चर संपेपर्यंत घातली नाही.

मार्क वाढवले का? वाढवले नाहीत, पण मोजलेच नाहीत असं म्हणा.

येताना गाडीत पोरगा म्हणाला, बाबा कसबा असा नाही दिसत. नाहीच दिसत. आपलं खोऱ्यातलं गाव, नदी, कर्णेश्वराचं देऊळ, मागे डोंगर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गेलो कर्णेश्वराला, पुष्कळ वर्षांनी.

घाटावरून_खाली (सध्या दापोली)

इथे सगळे कोकणातले दिसतायत, मी परका. तुमच्या परीक्षेला बसायला हरकत नाही, मूळचा सोलापूरकडचा, नोकरीत बदली होऊन चार वर्षं झाली इथे.

‘दशावतार’ बघितला. मालवणीतलं चाळीस टक्के डोक्यावरून गेलं, खरं सांगतो. शंकासुर वगैरे मला ठाऊक नव्हतं, बायकोला विचारत होतो, तिलाही ठाऊक नव्हतं. तरी बाबुली आरशासमोर बसून तोंडाला रंग लावतो तिथे माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण माझे आजोबा भजनात पखवाज वाजवायचे आणि हात थरथरायला लागल्यावरही सोडत नव्हते. तेव्हा ताई, पहिल्या भागाला तुम्ही दिलेले मार्क मी बाहेरून तपासून सही करतो. दुसऱ्या भागात मात्र तुमच्यापेक्षा चार कमी. एवढा मोठा नट हाताशी असताना मला मारामारी नको होती, तो नुसता बसून बोलला असता तरी मी तासभर ऐकलं असतं.

पण माझा पिक्चर ‘किल्ला’. अविनाश अरुणचा, कॅमेराही त्यानेच केलाय. २०१४ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं, आपल्याकडे थेटरात आला २०१५च्या जूनमध्ये. मी तेव्हा पुण्यात, समुद्राशी काडीचा संबंध नाही, पावसाने बस चुकली म्हणून समोरच्या थेटरात शिरलो. वडील गेलेला मुलगा, आईची सरकारी नोकरी, तिची बदली होऊन कोकणातल्या लहानशा गावी येतात. एवढंच. मित्र त्याला किल्ल्यात एकटं टाकून निघून जातात आणि वर पाऊस सुरू होतो, तो सीन आठवतो का? त्या पोराच्या तोंडावर भीती आणि अपमान असं दोन्ही एकाच वेळी येतं. थेटरात दहा-बारा माणसं असतील. बाहेर पुण्याचा पाऊस, आत कोकणातला, आणि मी ओल्या पायमोज्यात बसलेलो.

सहा वर्षांनी माझीच बदली इथे झाली. पहिल्या जूनला भाड्याच्या घरात रात्री कौलावर पाऊस सुरू झाला, लाईट गेले, मुलगी सहा वर्षांची, ती म्हणाली आपण परत कधी जायचं. मला तो पिक्चर तेव्हा कळला. त्यातला हिरवा रंग सुंदर म्हणून नाहीये हो, नवीन माणसाला तो अंगावर येतो, सगळीकडून वाढत येतो, दाराच्या चौकटीपर्यंत. ताई, तुमची पावसाळी कोकणाबद्दलची तक्रार मान्य, पण ह्या एकाला त्यातून वगळा.

मे महिन्याच्या कातळावरचा पिक्चर कोणी काढला तर मला पण कळवा, मागच्या मे मध्ये आम्ही पण टँकर मागवलाय.

कातळावरची (मालवण तालुका)

बापरे, एवढं सगळं! चुलीवर सोलकढी तापवल्यासारखं झालंय, फुटली तरी ढवळतेय, परत परत वाचतेय.

घाटावरून खाली, तुम्ही सही केलीत म्हणून बरं वाटलं, चार मार्क कापलेत तेही मान्य, मी पण दोन कापणार होतेच. ‘किल्ला’ मी टीव्हीवर बघितलाय, म्हणजे माझ्याच नियमाने बघितलेला नाही. कुठे परत लावला तर कळवा, पणजीपर्यंत यायची तयारी आहे.

जगबुडीकाठ, तुमच्या बाबांचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. आमच्याकडे पण आंब्याच्या तीन कलमांवरून दोन चुलतभाऊ बोलत नाहीत, तो हसला नाही.

खुळोझील, तुमचा मुद्दा सासूबाईंना सांगितला, की म्हणे मालवणीत रडलेलं पहिल्यांदा थेटरात बघितलं. त्या म्हणाल्या, ‘मगे काय इंग्लिशीत रडतलो?’ आणि आत गेल्या.

रिळांचा पुतण्या, ती मधल्या खुर्चीची गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं, आम्ही नेहमी सगळ्यात मागे बसतो, कारण तिथे पाय लांब करता येतात. आणि तुमच्यामुळे आता मी जुना पिक्चर लागला की उजवा कोपराच बघत बसणार.

आता चप्पल, सगळ्यांनी विचारलंय म्हणून. दुसरी मिळालीच नाही. शो सुटल्यावर झाडूवाल्या मावशींनी पण शोधली, दोन पाण्याच्या बाटल्या, एक छत्री आणि कोणाच्या तरी कानातलं मिळालं, चप्पल नाही. सासूबाई एका पायात चप्पल घालून पार्किंगपर्यंत आल्या, पाऊस भुरभुरत होता, मी म्हटलं माझी घाला, तर म्हणाल्या ‘ऱ्हवांदे गो, देवळात चप्पल गेली तर पीडा गेली म्हणतत.’ म्हटलं आई, हे थेटर आहे. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या रविवारी परत निघतोय, ह्या वेळी त्यांनीच विषय काढला. मी त्यांच्यासाठी पट्ट्याच्या सँडल आणल्यात, मागून बक्कल लागतं त्या, आणि काढायच्या नाहीत असं कबूल करून घेतलंय. पण पडद्यावर मृदंग वाजला तर काही सांगता येत नाही, म्हणून मोबाईलची टॉर्च फुल चार्ज ठेवणार.